खरबुजावरची बुरशी

आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक डबा असतो. मूळचा तो मिठाईचा किंवा बिस्किटांचा. आत क्रोसिनच्या गोळ्या, अमृतांजनची बाटली, हिंगाष्टक चूर्ण, इनो आणि या सगळ्याच्या तळाशी अँटिबायोटिकच्या एक-दोन स्ट्रिप्स. भारतातून निघताना, बॅगा बांधून झाल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी आई त्या आणून देते. "असू दे जवळ. तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाही म्हणतोस ना?" आपणही त्या मोज्यांच्या जोडीत खुपसून घेऊन येतो. आमच्याही घरी असा डबा आहे.

एका जानेवारीत, शनिवारी संध्याकाळी, आमच्या धाकटीला ताप भरला. घसा दुखत होता, नाक वाहत होते, खोकला होता. बाहेर बर्फ पडत होते. नेहमीचे क्लिनिक सोमवारपर्यंत बंद. मी डबा काढला, स्ट्रिप काढली आणि अर्धी गोळी की पाव, असा हिशेब करू लागलो. बायको म्हणाली, "अरे, आधी फोन तर कर. तू डॉक्टर आहेस, पण गोळ्या देणारा नव्हेस." फोनवरच्या नर्सने शांतपणे चार प्रश्न विचारले आणि सोमवारी यायला सांगितले. सोमवारी घशाची तपासणी झाली. जिवाणू सापडला नाही. साधी विषाणूची सर्दी होती. गुरुवारी मुलगी शाळेत गेली.

गोष्ट एवढीच. पण ती गोळी काही माझ्या डोक्यातून जाईना. याचे कारण असे की, ज्या प्रकारच्या टाक्यांमध्ये ती तयार होते, त्या टाक्यांतल्या हवेच्या बुडबुड्यांवरच मी माझा डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आहे. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरकडे वळलो, हा भाग वेगळा. तसे आपल्यातल्या अनेकांचे झाले आहे. शिवाय माझे बालपण चिंचवडला गेले. तिथून हाकेच्या अंतरावर, पिंपरीत, भारतातला पेनिसिलिनचा पहिला मोठा सरकारी कारखाना आहे. आणि आज मी इलिनॉयमध्ये राहतो, ज्या राज्यातल्या पिओरिया गावात पेनिसिलिन हे खऱ्या अर्थाने 'औषध' झाले. एवढे सगळे धागे हाताशी असून मी ती गोळी शेंगदाण्यासारखी वाटायला निघालो होतो. त्या लाजेपोटी जे वाचले, आठवले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

बारा वर्षे पडून राहिलेला शोध

अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट आपण शाळेत शिकलो. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये काम करणारा हा स्कॉटिश डॉक्टर सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतला. जिवाणू वाढवण्यासाठी ठेवलेल्या काचेच्या एका बशीत बुरशी पडली होती आणि तिच्या भोवतालचे जिवाणू विरघळून गेले होते. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या द्रव्याला त्याने पुढे पेनिसिलिन असे नाव दिले आणि १९२९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

शाळेतली गोष्ट इथे संपते आणि आपल्याला वाटते की, दुसऱ्या दिवसापासून लोक बरे होऊ लागले. प्रत्यक्षात पुढची दहा-बारा वर्षे फारसे काहीच झाले नाही. फ्लेमिंगला ते द्रव्य शुद्ध करता आले नाही. ते अस्थिर होते. उष्णता लागली की बिघडे, आम्लात टाकले की बिघडे. जिवाणूंच्या प्रयोगांत एक उपयोगी रसायन, इतकीच त्याची ओळख राहिली. त्या वर्षांत न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, साध्या जखमेतून रक्तात पसरलेल्या विषाने माणसे मरतच होती. शोध लागला होता, औषध नव्हते. या दोहोंमधले अंतर केवढे असते, हेच या लेखाचे सूत्र आहे.

ते अंतर कापायला सुरुवात झाली ऑक्सफर्डला. हॉवर्ड फ्लोरी हा ऑस्ट्रेलियातून आलेला प्राध्यापक तिथल्या पॅथॉलॉजी विभागाचा प्रमुख होता. अर्न्स्ट चेन हा ज्यू रसायनशास्त्रज्ञ, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिन सोडून इंग्लंडला आलेला. म्हणजे दोघेही आपल्यासारखेच, घर सोडून आलेले. आणि तिसरा नॉर्मन हीटली; अबोल, कमालीचा हातगुणी इंग्रज. चेनला रसायनाची कोडी सुटत, फ्लोरीला माणसे आणि पैसे जमवता येत, पण हाती येईल त्या वस्तूंपासून यंत्र उभे करण्याचे काम हीटलीचे.

द्रव्य आम्लात टिकत नाही, पण आम्ल केल्याशिवाय ते पाण्यातून ईथरमध्ये उतरत नाही, असा पेच होता. हीटलीने सगळे थंड ठेवून क्षणभरच आम्ल करण्याची आणि ईथरमधून ते पुन्हा किंचित अल्कलीयुक्त पाण्यात ओढून घेण्याची युक्ती काढली. कचरा मागे राही, पेनिसिलिन पुढे जाई. आजही हे तत्त्व बदललेले नाही.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जीवघेणे जिवाणू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिले, चौघांना नाही. हीटली रात्रभर प्रयोगशाळेत बसून राहिला. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते, बाकीचे चार जिवंत होते. त्याच सुमारास डंकर्कहून इंग्रज सैन्य माघार घेत होते. जर्मन आलेच तर निदान बुरशी वाचावी, म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरांना तिचे बीजाणू चोळून ठेवले होते.

पाच दिवसांचे औषध

युद्धाच्या धामधुमीत उपकरणे कुठली मिळणार? बुरशी वाढवायला हॉस्पिटलातली बेडपॅन, बिस्किटांचे डबे, दुधाचे कॅन, काय मिळेल ते वापरले. पुढे हीटलीने बेडपॅनच्याच घडणीची चिनी मातीची भांडी खास बनवून घेतली. ती भरण्याचे, रिकामी करण्याचे कष्टाचे काम करण्यासाठी तरुण मुली नेमल्या. त्यांना सगळे 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. एका माणसाच्या रक्तातले विष उतरवण्याइतके शुद्ध पेनिसिलिन मिळवायला त्या काळी बुरशीचे सुमारे दोन हजार लीटर पाणी गाळावे लागे.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलिसाला पेनिसिलिन टोचले. त्याचा चेहरा आणि डोके गळवांनी भरले होते, एक डोळा गेला होता. चोवीस तासांत ताप उतरू लागला, भूक लागली. पण औषध संपत आले होते. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन परत मिळवण्यासाठी बाटल्या सायकलवरून प्रयोगशाळेत नेल्या जात, गाळून काढलेले औषध पुन्हा त्यालाच देत. पाचव्या दिवशी तेही संपले. काही दिवस तो तग धरून राहिला, मग जिवाणूंनी पुन्हा उचल खाल्ली. १५ मार्चला तो मरण पावला.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. औषध लागू पडत होते. डॉक्टर उत्तम होते. कमी पडले ते प्रमाण. हा वैद्यकाचा पराभव नव्हता, कारखान्याचा अभाव होता.

पिओरिया

इंग्लंडमध्ये बॉम्ब पडत असताना कारखाना उभा राहणे अशक्य होते. म्हणून १९४१ च्या जुलैत फ्लोरी आणि हीटली लिस्बनमार्गे विमानाने न्यूयॉर्कला आले आणि त्याच महिन्यात पिओरियाला पोचले. अमेरिकन कृषिखात्याची एक प्रयोगशाळा तिथे नुकतीच निघाली होती. शेतकऱ्यांच्या अतिरिक्त मालाचे, विशेषतः मक्याचे, काय करायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न. मक्यापासून स्टार्च काढताना मका ज्या पाण्यात भिजत घालतात, ते चिकट, आंबूस पाणी टाकाऊ म्हणून उरत असे. पिओरियाचे लोक ते ज्यात त्यात घालून पाहत. अँड्र्यू मॉयर याने ते बुरशीला पाजले आणि पेनिसिलिनचे उत्पादन सुमारे दहा पटींनी वाढले. आपल्याकडे पेजेचे पाणी टाकू नये म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गरज होती अधिक कसदार बुरशीची. फ्लेमिंगची बुरशी पृष्ठभागावर सायीसारखी वाढे, पण द्रवात बुडवली की हात आखडता घेई. केनेथ रेपर या बुरशीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली जगभरातून मातीचे नमुने मागवले गेले. आणि सर्वांत चांगली बुरशी सापडली ती १९४३ मध्ये, पिओरियाच्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण तिथे कोणाला ठाऊक नव्हती, नाहीतर नक्की आठवली असती. या बुरशीवर पुढे क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा मारा करून तिचे आणखी कसदार वाण निवडले गेले, आणि फ्लेमिंगच्या बुरशीच्या शेकडो पट पेनिसिलिन मिळू लागले. आज जगात जे पेनिसिलिन तयार होते, ते जवळजवळ सगळे त्या एका खरबुजाच्या वंशावळीतले आहे.

पिओरिया हे अनेक वर्षे कॅटरपिलरचे गाव. तिथे आपली मराठी इंजिनिअर मंडळी बरीच राहिली आहेत, काही अजून आहेत. एका मित्राकडे गणपतीला गेलो असताना युनिव्हर्सिटी स्ट्रीटवरची ती प्रयोगशाळा बाहेरून पाहून आलो. साधी सरकारी इमारत. समोरून गाड्या भराभर जात होत्या. मित्र म्हणाला, "रोज इथूनच ऑफिसला जायचो, कधी मान वळवून पाहिले नाही."

टाकी, हवा आणि रवी

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. थोडे सहन करावे. बाटल्यांमध्ये सायीसारखी बुरशी वाढवून देशाला पुरेल एवढे औषध होणार नव्हते. त्याला लक्षावधी बाटल्या लागल्या असत्या. बुरशी हजारो गॅलनच्या टाकीत, द्रवाच्या पोटात वाढवायला हवी होती. पण बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते. म्हणजे टाकीत तळापासून अखंड हवा सोडायची आणि ताकाच्या रवीसारखा पंखा फिरवून तिचे बारीक बुडबुडे करायचे. घुसळले की फेस येतो, उष्णता होते; दोन्ही आवरायची. आणि ही सगळी हवा पूर्णपणे निर्जंतुक हवी. कारण काही जिवाणूंजवळ पेनिसिलिन तोडून टाकणारे एक एन्झाइम असते, पेनिसिलिनेझ. असा एक जरी जिवाणू आत शिरून वाढला, तरी टाकीभर औषधाचे पाणी होते. हे नाव कृपया लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

मर्कसारख्या कंपन्यांनी सुरुवातीला जे थोडेसे औषध बनवले, ते किती अपुरे होते याचे एक उदाहरण पुरे. मार्च १९४२ मध्ये येलच्या हॉस्पिटलात ॲन मिलर ही तरुण बाई गर्भपातानंतरच्या संसर्गाने मृत्युपंथाला लागली होती. तिला पेनिसिलिन मिळाले आणि ती वाचली. पुढे ९० वर्षांची होऊन १९९९ मध्ये वारली. पण तिच्या एकटीच्या उपचाराला अमेरिकेतले त्या वेळचे निम्मे पेनिसिलिन खर्ची पडले.

फायझर ही ब्रुकलिनची कंपनी तेव्हा प्रामुख्याने सायट्रिक ॲसिड बनवत असे. साखर आंबवून रसायने काढण्याचा तिला सराव होता. तिने बर्फाचा एक जुना कारखाना विकत घेतला, काही महिन्यांत त्यात प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या १४ टाक्या बसवल्या आणि १ मार्च १९४४ रोजी उत्पादन सुरू केले. अशा टाक्यांच्या पहिल्या कारखान्याच्या रचनेत मार्गारेट हचिन्सन ही इंजिनिअर अग्रभागी होती. एम. आय. टी. मधून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या मुलींना फ्लेमिंगबरोबर हेही नाव सांगावे, असे मला वाटते.

आकडेच पाहा. १९४३ मध्ये अमेरिकेत २१ अब्ज युनिट पेनिसिलिन तयार झाले. १९४४ मध्ये १,६६३ अब्ज. १९४५ मध्ये ६,८०० अब्जांहून अधिक. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा सुमारे २३ लाख डोस तयार होते. अलेक्झांडर पोलिसाच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम सव्वातीन वर्षे झाली होती.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटलीला नाही. ऑक्सफर्डने १९९० मध्ये त्याला सन्माननीय वैद्यकीय डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठाच्या आठशे वर्षांच्या इतिहासात डॉक्टर नसलेल्या माणसाला ही पदवी प्रथमच मिळाली.

चौकोनी कडी

हे द्रव्य आहे तरी काय, याचे उत्तर युद्ध संपता संपता मिळाले. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंची, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांची, एक चौकोनी कडी असावी, असे ऑक्सफर्डच्याच एडवर्ड अब्राहमने १९४३ मध्ये सुचवले होते. अशा कडीला बीटा-लॅक्टम म्हणतात. अणूंना इतक्या काटकोनात वाकून बसायला आवडत नाही. त्यामुळे ही कडी सतत ताणलेली असते, चाप लावून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखी. इतकी अवघडलेली कडी टिकेलच कशी, म्हणून मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी ती कल्पना मानली नाही. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून ती कडी निर्विवाद दाखवून दिली. त्यातल्या प्रचंड आकडेमोडीसाठी पंच-कार्डांची यंत्रे वापरली होती. माझ्या जुन्या आणि नव्या धंद्याची गाठ पडलेली पाहून मला उगाचच बरे वाटले.

या सापळ्यात जिवाणू सापडतो तो असा. जिवाणूच्या अंगाभोवती बाजेच्या विणीसारखी एक घट्ट भिंत असते. वाढताना त्याला जुनी वीण उसवून नवी घालावी लागते. ती वीण घालणारी एन्झाइमे पेनिसिलिनलाच सुतळीचे टोक समजून पकडतात, चाप सुटतो, आणि एन्झाइमचा हात कायमचा अडकतो. वीण अर्धवट राहते, आत पाणी शिरते, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला या औषधाचा त्रास इतका कमी.

याच कडीचे मोठे कुटुंब झाले. जुझेप्पे ब्रोट्झू याने १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात, सांडपाणी समुद्राला मिळते तिथे, एक वेगळी बुरशी शोधली. तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन्स निघाली. बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये पेनिसिलिनचा गाभा वेगळा केला. त्या गाभ्याला निरनिराळ्या शेपट्या जोडून १९६१ मध्ये अँपिसिलिन आले आणि १९७२ मध्ये मुलांच्या गुलाबी सिरपमधून आपल्याला ठाऊक असलेले अमॉक्सिसिलिन. १९८० नंतर कार्बापेनेम गटाची औषधे आली. आज कानाच्या संसर्गाला आणि न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिन, शस्त्रक्रियेच्या टेबलावर चिरण्याआधी सेफाझोलिन, मेंदूज्वराला सेफ्ट्रिॲक्झोन, उपदंशाला अजूनही जुने पेनिसिलिनच, आणि इतर उपाय हरले की अतिदक्षता विभागात कार्बापेनेम, असा हा कारभार चालतो.

पिंपरी

युद्धानंतर भारताला पेनिसिलिन बाहेरून आणावे लागे. ते देशात बनावे म्हणून सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. यंत्रे युनिसेफने दिली, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेने. १९५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला शेतेच होती. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी पुढे वाढत गेली. आमच्या लहानपणी सगळे त्याला नुसते 'एच. ए.' म्हणत. एच. ए. कॉलनीतली मुले आमच्या वर्गात असत. तिथे काय बनते, हे मला माझ्या आत्यामुळे कळले.

आत्याला लहानपणी घसा दुखून ताप आला होता. खेड्यात कोणी फारसे लक्ष दिले नाही. काही आठवड्यांनी सांधे सुजले. तो संधिवाताचा ताप, आणि त्याने तिच्या हृदयाची झडप कायमची बिघडवली. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूला उपचार न मिळाल्यास काही मुलांचे असे होते. वेळेवर पेनिसिलिन मिळते तर ते टळते. पुन्हा तसा झटका येऊ नये म्हणून आत्या वर्षानुवर्षे दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअरचे इंजेक्शन घ्यायला जाई. फार दुखे ते. कंबर धरून घरी येई आणि म्हणे, "चला, आणखी तीन आठवड्यांचं आयुष्य विकत घेतलं." स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला निमूटपणे दाद देतो, हे विशेष.

पुढे आयात खुली झाली, चीनचा माल स्वस्त पडू लागला आणि भारतातले पेनिसिलिन जी बनवणारे कारखाने एकेक करून थांबले. पिंपरीही अपवाद ठरली नाही. जगाला औषधे पुरवणारा देश या मूळ द्रव्यासाठी दुसऱ्यावर विसंबून राहिला. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळच्या एका नव्या कारखान्यात ते पुन्हा बनू लागले. टाक्या बंद करणे सोपे असते. ती विद्या पुन्हा जमवायला वर्षे जातात.

पुन्हा तेच एन्झाइम

आता पेनिसिलिनेझकडे येऊ. अब्राहम आणि चेन यांनी जिवाणूंमधल्या या एन्झाइमची माहिती डिसेंबर १९४० मध्येच प्रसिद्ध केली होती. अलेक्झांडर पोलिसाला पहिले इंजेक्शन मिळण्याआधी सुमारे दीड महिना. म्हणजे कुलूप बाजारात येण्यापूर्वीच किल्ली चोराच्या खिशात होती. या एन्झाइमच्या कुटुंबाला आता बीटा-लॅक्टमेझ म्हणतात. ते चौकोनी कडी आधीच तोडून टाकते. चाप सुटलेला सापळा काय कामाचा?

त्याच्यावर मात करायला १९६० च्या सुमारास मेथिसिलिन आले. १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे जिवाणू सापडले. त्यांनी कडी तोडली नाही, वीण घालणारा हातच बदलला. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात कार्बापेनेमही तोडणारे एन्झाइम आढळले. त्याच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या एन्झाइमच्या नावात दिल्ली आली: एन. डी. एम.-१. नावावरून भारतात बराच संताप झाला. नाव ठेवणे अनुचित होते असे मानले, तरी २०११ मध्ये दिल्लीच्या सांडपाण्यात आणि नळाच्या काही नमुन्यांतही ते सापडले, हे खरे. एका व्यापक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

कारखान्यात या शत्रूला रोखण्यासाठी इंजिनिअरांनी हवेचा प्रत्येक घोट गाळला. कारखान्याबाहेर मात्र आपण दारे सताड उघडी ठेवली. जिवाणूंच्या गर्दीत एखादा आधीच चिवट असतो. औषध दिले की बाकीचे मरतात आणि त्याला मोकळे रान मिळते. खरा संसर्ग असेल तर हा धोका पत्करणे भागच आहे. पण सर्दीसाठी, जिथे मारायला जिवाणूच नाही, तिथे गोळी घेतली, तर फायदा शून्य आणि पोटातल्या-घशातल्या जिवाणूंना फुकटची तालीम. भारत सरकारने २०१३ मध्ये शेड्यूल एच-१ आणून सेफॅलोस्पोरिन्सच्या पुढच्या पिढ्या आणि कार्बापेनेम यांच्या विक्रीची नोंद व चिठ्ठी ठेवणे दुकानदारांना बंधनकारक केले. पण नियम दुकानापर्यंत पोचतो, आपल्या डब्यापर्यंत नाही.

एक उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत साधारण दहा टक्के लोकांच्या कागदपत्रांत 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असे लिहिलेले असते. तपासून पाहिले तर खरी ॲलर्जी शंभरात एकालाही नसते. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आले, म्हणून आई म्हणाली आणि आपण फॉर्मवर लिहिले, असे आपल्यातही असेल. अशा माणसाला मग अधिक व्यापक, अधिक महाग औषधे दिली जातात. डॉक्टरांना विचारून तपासणी करून घेणे शहाणपणाचे. खरी ॲलर्जी गंभीर असू शकते, तेव्हा स्वतः प्रयोग मात्र करू नये.

डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात फ्लेमिंगने एक काल्पनिक प्रसंग सांगितला होता. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि मनाने थोडेसेच घेतो. जिवाणू मरत नाहीत, शिकून शहाणे होतात. तेच पुढे त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती जाते. अपराधी कोण, असा त्याचा प्रश्न होता. पेनिसिलिन दुकानात सर्रास मिळू लागण्याआधीचे हे बोल आहेत. त्या गृहस्थाच्या जागी, बर्फाच्या त्या शनिवारी, हातात स्ट्रिप घेतलेला मी मला स्पष्ट दिसलो.

आत्याला औषध मिळायला हवे होते ते मिळाले नाही. माझ्या मुलीला नको होते, ते मी देणार होतो. दोन्ही चुकांवर उपाय एकच: आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते औषध, सांगतील तितकेच दिवस. बेडपॅन धुणाऱ्या मुलींपासून ब्रुकलिनच्या टाक्यांपर्यंत असंख्य हातांनी शोधाचे औषध केले. ते औषध म्हणून टिकवणारा शेवटचा हात आपला आहे.

डबा आता रिकामा नाही. क्रोसिन, अमृतांजन, हिंगाष्टक तिथेच आहेत. स्ट्रिप्स तेवढ्या मी फार्मसीतल्या जुनी औषधे टाकायच्या पेटीत टाकून आलो. आईला फोनवर सांगितले. ती जरा रुसली, मग म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी त्या जागेत लाडू देते." वाचकहो, मोज्यांमध्ये लाडू कसे आणायचे, एवढाच आता प्रश्न उरला आहे.